जुनं फॉन्ट पॅकेज, एक्सपीचं मशीन आणि झाडीबोलीचा शब्दसंग्रह: कोणता कॉम्प्युटर घेऊ?

महालचा छापखाना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नागपुरात महालात आमचा छोटा छापखाना आहे. बाबांनी शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे सुट्या अक्षरांवर, सुरू केला. १९९८ साली खिळे देऊन टाकले आणि कॉम्प्युटर आणला. तेव्हापासून मशीन दोनदा बदललं, आताचं विंडोज एक्सपीचं आहे, पण काम तेच: पानं लावायचं पेजमेकर ६.५, त्या काळी घेतलेलं मराठी फॉन्टचं पॅकेज आणि मागच्या प्रिंटर पोर्टात खोचलेलं त्याचं लॉक. लॉक काढलं की पॅकेज सुरूच होत नाही. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, स्मरणिका, कवितासंग्रह, सगळं यावरच निघालं.

या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा मशीन भर दुपारी दोनदा बंद पडलं. एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलून घेतला. सुरू झालं, पण आता हार्ड डिस्क टकटक वाजते.

एवढ्यात भंडारा जिल्ह्यातले एक निवृत्त मास्तर आले. त्यांचा झाडीबोलीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या बोलीचा, शब्दसंग्रह आम्ही २००४ मध्ये छापला होता, ३१२ पानं. प्रती कधीच्याच संपल्या. मास्तर आता ८१ वर्षांचे आहेत. मधल्या काळात त्यांनी आणखी सहा-सातशे शब्द जमवले. अर्धे वहीत आहेत, अर्धे नातीनं मोबाईलवर टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवलेत. दुसरी आवृत्ती दिवाळीपर्यंत हातात हवी म्हणतात. त्यांना नाही म्हणणं मला जमणार नाही.

आता विचारायचं ते असं. नवा कॉम्प्युटर घ्यायचाच आहे, तर रॅम किती, प्रोसेसर कोणता, विंडोज कोणतं? जुनं पॅकेज त्यावर चालेल का? की ३१२ पानं पुन्हा टाइप करायची? व्हॉट्सॲपवरचा मजकूर पेजमेकरमध्ये चिकटवला की नुसती प्रश्नचिन्हं येतात, ती का येतात तेही मला कळलेलं नाही.

बर्डीचा मेकॅनिक

भाऊ, बाकी सगळं नंतर. टकटक आवाज म्हणजे डिस्क जाऊन राहिली आहे. मशीन आत्ताच बंद करा आणि पुन्हा सुरू करू नका. बहुतेक आयडीई म्हणजे जुन्या जोडणीची डिस्क असेल. ती काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरला लावायची आणि आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्यायची. नुसत्या पेजमेकरच्या फाइली उचलून भागत नाही. विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर राहिला तर त्या फाइलींचा काही उपयोग नाही. मी हे काम करून राहिलो वीस वर्षांपासून. लोक फाइली आणतात आणि फॉन्ट घरीच विसरतात.

आता लॉकचं. नव्या मदरबोर्डला तो २५ पिनांचा पोर्टच नसतो. बाजारात यूएसबीची केबल मिळते, पण ती प्रिंटरपुरती असते, लॉक तिच्यातून ओळखू येत नाही. वेगळं कार्ड टाकून पोर्ट आणता येतो, पण मग ड्रायव्हरपाशी अडतं. ३२ बिटांचा जुना ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर बसतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांचंच आहे. म्हणून नव्या मशीनवर जुनं पॅकेज चालवायच्या मागे लागू नका. इमेज झाली की ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून एखाद्या जुन्या मशीनमध्ये लावून देतो. लॉक त्याच्याच मागे राहील, फाइली उघडण्यापुरतं.

सीताबर्डी ते सदर

आधी बॅकअप, मग गप्पा. मेकॅनिकभाऊंना +१.

अक्षरवेडा

मेकॅनिकभाऊंनी मशीनचं सांगितलं, मी अक्षरांचं सांगतो. प्रश्नचिन्हांचं उत्तरही त्यातच आहे.

तुमच्या जुन्या फाइलींमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नाहीच. त्या काळच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागा उसन्या घेतल्या होत्या. कृतिदेवचं उदाहरण घ्या. त्यात इंग्रजी डीच्या जागी 'क' काढलेला असतो आणि एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी. तुम्ही एफ आणि डी दाबता, पडद्यावर 'कि' दिसतो, फाइलमध्ये मात्र एफ-डी एवढंच राहतं. डोळ्यांना मराठी, आत इंग्रजी. फॉन्ट बदलला की उलगडा होतो. प्रत्येक पॅकेजच्या या उसन्या जागाही वेगळ्या, म्हणून एकाची फाइल दुसऱ्यात उघडत नाही.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जगभरची एकच पद्धत. तीत 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे. नातीच्या मोबाईलवर तो, माझ्या लॅपटॉपवर तोच. पेजमेकरला हे क्रमांकच माहीत नाहीत, म्हणून तो प्रश्नचिन्हं टाकतो. मजकूर खराब नाही, तो जपून ठेवा.

आता कॉम्प्युटर काय लागतो ते. युनिकोड फॉन्ट म्हणजे काहीशे केबीची एक फाइल, तिला रॅम नि प्रोसेसर जवळजवळ लागतच नाही. लागतो तो अक्षरं जुळवणारा कारागीर. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी. पण कागदावर वेलांटी आधी यायला हवी. 'र्क' मध्ये र आधी, पण रफार डोक्यावर. ही उचलठेव शेपिंग इंजिन करतं. विंडोजमध्ये ते काम आधी युनिस्क्राइब करायचं, पुढे डायरेक्टराइट आलं. मॅकवर कोअर टेक्स्ट आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांच्यात हार्फबझ आहे. फॉन्ट, विंडोज आणि तुमचं पानं लावायचं सॉफ्टवेअर, तिघांनाही देवनागरी कळली तरच जोडाक्षर नीट उमटतं. एकाला जरी कळली नाही तरी 'विद्या' चा पाय मोडून हलन्त दिसतो.

विंडोजमध्ये हे २००० च्या आवृत्तीपासून आलं, र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट घेऊन. एक्सपीतही आहे, पण तिथे रीजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागते आणि ते लगेच एक्सपीची सीडी मागतं. विंडोज १० किंवा ११ मध्ये असलं काही करावं लागत नाही.

महालचा छापखाना

मशीन बंद केलं. उद्या डिस्क घेऊन बर्डीला येतो.

अक्षरवेडा, एफ-डी वाचून उठलो आणि जुनी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहायला निघालो, मग आठवलं की मशीन बंद ठेवायचं आहे. इतकी वर्षं हे काम केलं, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर मी आजवर प्रिंट काढून ऑपरेटरला पुन्हा टाइप करायला द्यायचो. कवींच्या कविताही तशाच.

इतवारीचा जुळारी

मी सत्तरीचा आहे, त्यातली चाळीस वर्षं अक्षरं जुळवण्यात गेली, आधी खिळ्यांची, मग कॉम्प्युटरवर. मला या युनिकोडच्या घाईबद्दल बोलायचं आहे.

जुन्या पॅकेजमधली अक्षरं हाताला लागलेल्या लोकांनी काढली होती. काना किती जाड, मात्रा कुठे टेकते, उकार बुंध्याला कसा लागतो, हे सगळं ११ पॉइंटाला वाचून पाहिलेलं. मी युनिकोडातली काही पुस्तकं पाहिली आहेत. ओळींमध्ये एवढी जागा की पान विरलेलं दिसतं. 'ट्ट' आणि 'द्ध' यांच्या उभ्या रचना जाऊन हलन्त लटकतात. श आणि ल हिंदी वळणाचे. ते वाचताना माझा डोळा अडखळतो. मजकूर शोधता येतो म्हणून पान कुरूप का करायचं? शब्दसंग्रह लोक वर्षानुवर्षं हाताळतात.

मास्तरांचं पुस्तक जुन्या फाइलीतच दुरुस्त करा, नवे शब्द त्यातच टाइप करून घ्या. महिन्याभरात होईल.

दिवाळी अंकवाला

काकांच्या म्हणण्यातलं दुःख मला कळतं, पण एक्सपीचं मशीन आणखी किती दिवस टिकेल? आमच्या अंकाचं असंच झालं. लॉक जळलं आणि पंधरा वर्षांचे अंक बंद पेटीत राहिले.

पण घाईनं बदलण्याचाही धोका सांगतो. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडात बदलणाऱ्या एका फुकट कन्व्हर्टरमधून मी आख्खा अंक फिरवला आणि वेळ नव्हता म्हणून वरवर चाळून छापला. कन्व्हर्टर हिंदीसाठी बनवलेला होता. त्याला आपला 'ऱ्य' ठाऊकच नव्हता. 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'वऱ्हाड' सगळीकडे रफार चढला. स्वयंपाकावरच्या लेखात 'आचाऱ्यांना' च्या जागी 'आचार्यांना' छापून आलं. लेखिकेचा फोन आला तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. त्या अंकाची प्रत अजून टेबलावर ठेवली आहे.

धंतोलीची मुद्रितशोधक

दिवाळी अंकवाले दादा, तुमच्यासारखे अंक माझ्याकडे दरवर्षी येतात. रूपांतरित मजकूर तपासताना मी पहिल्या वाचनात अर्थाकडे पाहतच नाही, ठरलेल्या जागाच पाहते.

सगळ्यात आधी ऱ्य आणि ऱ्ह. मग ऱ्हस्व वेलांटी: जुन्या फाइलीत ती व्यंजनाच्या आधी असते आणि युनिकोडात नंतर. जोडाक्षरावर आली की कन्व्हर्टर चुकतो, 'स्थिती' ची वेलांटी नुसत्या 'स' ला लागून बसते. त्यानंतर रफार आणि अनुस्वार एकत्र आलेले शब्द. मग 'ष्ट', 'द्य', 'द्ध', 'ह्य', 'क्ष'. मग ॲ आणि ऑ. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे. म्हणून जुन्या फॉन्टमध्ये नवा ॲ चौकोन होऊन दिसतो. शेवटी अवतरणचिन्हं, डॅश आणि आकडे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मजकुरातले इंग्रजी शब्द. कन्व्हर्टरला ते मराठीच वाटतात, त्यांचा तो अगम्य मराठी करून ठेवतो. म्हणून पेजमेकरमधून मजकूर काढताना साधा टेक्स्ट काढू नका, आरटीएफ काढा. आरटीएफमध्ये कोणत्या तुकड्याला कोणता फॉन्ट ते लिहिलेलं असतं, इंग्रजी तुकडे वेगळे ठेवता येतात.

छापखानेदादा, तुमच्या पुस्तकासाठी आणखी एक सांगते. झाडीबोलीत ण चा न होतो, 'पाणी' चं 'पानी'. स्पेलचेक आणि ऑटोकरेक्ट आधी बंद करा. ते न विचारता प्रमाण मराठी करून टाकेल आणि मास्तरांची सगळी मेहनत पुसली जाईल. मुद्रितशोधकालाही हे बजावून सांगा. सवयीनं हात 'ण' कडेच जातो, माझाही गेला असता.

लिनक्सवाला

वाचनखूण साठवली. धंतोलीच्या ताईंचा प्रतिसाद वेगळा काढून ठेवायला हवा.

कोर्टातली टंकलेखिका

मी सिव्हिल लाइन्सला, हायकोर्टाच्या खंडपीठाजवळ टायपिंगचं काम करते. जुळारीकाका म्हणतात शोधता येण्यासाठी पान का बिघडवायचं. आमच्याकडे शोधता येणं हेच काम असतं. दोनशे पानांच्या कागदपत्रांत एक सर्व्हे नंबर किंवा एक नाव हवं असतं. जुन्या फॉन्टची पीडीएफ असेल तर त्यात मराठी शब्द शोधताच येत नाही, चार ओळी कॉपी केल्या तर इंग्रजी अक्षरांचा ढीग येतो. मग पान पान डोळ्यांनी पाहायचं. शब्दसंग्रहाची पीडीएफ निघाली आणि कोणाला एक शब्द शोधायचा असला, तर?

धरमपेठची टायपिंग टीचर

एक गैरसमज जवळजवळ सगळ्यांचा होतो, म्हणून लिहिते. फॉन्ट वेगळा आणि कीबोर्डची मांडणी वेगळी. फॉन्ट बदलला म्हणून बोटं बदलावी लागत नाहीत. टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी युनिकोडसाठीही मिळते. तुमचा जुना ऑपरेटर त्याच कळा दाबेल, आत मात्र खरी मराठी जाईल.

नवीन मुलांना मात्र मी इनस्क्रिप्ट ही दुसरी मांडणीच शिकवते. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. भाषा बदलली तरी 'क' ची कळ तीच. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आपोआप येते, वेगळं पॅकेज नाही आणि लॉकही नाही. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगनं लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून फोनेटिक कीबोर्डही आहे. आमच्याकडे रेमिंग्टनवर वीस वर्षं काढलेले एक काका आले होते. पहिले आठ दिवस ते रोज चिडून घरी गेले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून अर्ज टाइप करून आणला.

इतवारीचा जुळारी

टंकलेखिका ताईंचा मुद्दा मान्य. शब्दसंग्रहात शोधता आलं पाहिजे, हे मी धरलं नव्हतं. पण श आणि ल चं कोणीच बोललं नाही.

अक्षरवेडा

काका, तुमची तक्रार दहा-पंधरा वर्षांपूर्वी शंभर टक्के खरी होती. तेव्हा फॉन्ट थोडे होते आणि बहुतेक हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले.

श आणि ल चं: राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठीची वर्णमाला आणि अक्षरवळणं ठरवून दिली आहेत, नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यात सुधारणाही झाली. देठाचा श, पाकळीचा ल. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना क्रमांक एकच असतो. वळण फॉन्टच्या पोटात असतं. चांगल्या ओपनटाइप फॉन्टमध्ये दोन्ही ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी सांगितली की मराठी वळण पुढे येतं. म्हणजे इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी निवडायची, लिबरऑफिसमध्येही तसंच. अनेक जण फॉन्टला दोष देतात, भाषेचा रकाना मात्र तसाच राहिलेला असतो.

मुळातच मराठीसाठी काढलेलेही आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. मुंबईच्या आयआयटीतून आलेल्या शोभिकाची देवनागरी त्याच यशोमुद्रावर बेतलेली आहे. टिरो देवनागरी मराठी आहे. शीर्षकांना 'मुक्त' नावाचा फॉन्ट चालेल. हे सगळे मोफत आहेत, पुस्तक छापून विकायला आडकाठी नाही. आणि मॅक वापरणाऱ्यांना श्री देवनागरी ७१४ सिस्टिममध्येच सापडेल, जुन्या वळणाची आठवण येणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

ओळींमधली जास्त जागा बहुधा वर्डमध्ये मंगल वापरल्याची खूण. मंगलची उंची मोठी धरलेली आहे. ओळीचं अंतर 'एक्झॅक्टली' करून आकडा टाकला की पान आवळतं.

सीताबर्डी ते सदर

भाषेचा रकाना! मी तीन वर्षं हिंदीत ठेवून मराठी स्मरणिका केल्या. आज रात्रीच बदलतो.

पुण्याचा डिझायनर

पानं लावण्याबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही म्हणून. इनडिझाइनमध्ये देवनागरी नीट दिसायला पॅराग्राफच्या जस्टिफिकेशनमध्ये 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडावा लागतो. तो नसला तर जगातला उत्तम फॉन्टही तुटका दिसेल. नवी फाइल उघडायच्या आधी, एकही कागद उघडा नसताना, हे सेटिंग केलं की पुढच्या सगळ्या फाइलींना लागू होतं. इलस्ट्रेटरमध्येही हाच प्रकार, तिथे टाइपच्या पसंतीत भारतीय भाषांचे पर्याय चालू करायचे.

आणखी एक. सीएस६ पर्यंतचं इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडायचं, नंतरच्या सीसी आवृत्त्या उघडत नाहीत. म्हणून पेजमेकरमधून मजकूर पेजमेकर जिवंत असतानाच काढून घ्या.

पोस्टस्क्रिप्ट टाइप १ चे जुने फॉन्ट असतील तर तेही अडोबीनं जानेवारी २०२३ मध्ये बंद केले. मशीन कितीही भारी घेतलं तरी ते मेनूत दिसणार नाहीत.

लिनक्सवाला

इनडिझाइनची दरमहा वर्गणी भरणं छोट्या छापखान्याला जड जातं. पानं लावायला स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर आहे ना. १.६ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट होतात, सीएमवायके (छपाईचे चार रंग) आहे, छापखान्याला लागणारी पीडीएफ निघते. मजकुराचं काम लिबरऑफिसमध्ये करायचं. ५.३ पासून त्यात सगळीकडे हार्फबझच आहे, त्यामुळे विंडोजवर आणि लिनक्सवर पान सारखंच उमटतं. फक्त ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, आणि लक्षात असू द्या की देवनागरीचा फॉन्ट आणि आकार 'सीटीएल' च्या रकान्यात बदलायचा असतो. वर्डमध्येही कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी वेगळा रकाना असतो. लोक वरचा रकाना बदलतात आणि फॉन्ट बदलत नाही म्हणून वैतागतात.

पुण्याचा डिझायनर

३१२ पानांचा दोन स्तंभांचा कोश स्क्रायबसमध्ये लावून पाहिला आहेत का? मी पाहिला. मोठा मजकूर एका चौकटीतून दुसरीत वाहताना फार हळू चालतो. पत्रकाला ठीक, कोशाला नाही.

लिनक्सवाला

प्रकरणागणिक वेगळी फाइल करायची. 'क' ची एक, 'ख' ची एक. मी २४० पानांची स्मरणिका अशीच केली आहे.

बर्डीचा मेकॅनिक

भांडण नंतर करा भाऊ लोक. छापखानेवाल्यांची डिस्क आली होती. इमेज पूर्ण निघाली, शेवटच्या काही भागात वाचायला वेळ लागला पण निघाली. जुन्या मशीनमध्ये दुसरी डिस्क टाकून लॉकसकट सुरू करून दिलं आहे.

नव्याचं सांगतो. विंडोज ११ ला कागदावर किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. पण ४ जीबीवर पानं लावायला बसू नका. १६ जीबी रॅम, एसएसडी, साधा मधल्या फळीचा प्रोसेसर. वेगळं ग्राफिक कार्ड नको, ते पैसे चांगल्या मॉनिटरला आणि यूपीएसला लावा. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा यूपीएसच फाइल वाचवतो. सेकंडहँड घेणार असाल तर टीपीएम तपासूनच घ्या, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

एक बारीक गोष्ट. फॉन्ट टाकताना नुसतं इन्स्टॉल दाबू नका, राइट क्लिक करून 'सगळ्या युजरसाठी' वालं निवडा. विंडोज १० च्या मधल्या एका अपडेटपासून नुसतं इन्स्टॉल केलं की फॉन्ट फक्त त्या युजरच्या फोल्डरमध्ये जातो, आणि काही जुन्या प्रोग्रामांना तो दिसतच नाही. गिऱ्हाइकांचे अर्धे फोन याच गोष्टीचे असतात.

महालचा छापखाना

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. हातात काम होतं.

मेकॅनिकभाऊंनी सांगितलं तसंच मशीन घेतलं. पेजमेकरमधून आरटीएफ काढली, धंतोलीच्या ताईंनी सांगितलेल्या क्रमानं तपासली. कन्व्हर्टर दोन वापरून पाहिले. पहिल्यानं 'ऱ्ह' सगळीकडे घालवला, दुसऱ्यानं राखला, तोच घेतला. तरी पहिल्या १६ पानांना मला आणि बायकोला चार रात्री लागल्या. मग हात बसला, आता रात्रीत एक फर्मा, म्हणजे सोळा पानं, होतो. पुन्हा टाइप करण्यापेक्षा हे कितीतरी कमी आहे.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००४ साली शब्दांचा अकारविल्हे क्रम मास्तरांनी चिठ्ठ्या करून, जमिनीवर मांडून लावला होता. तेव्हा मी त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसलो होतो, चार दिवस. या वेळी जुने आणि नवे शब्द एका तक्त्यात घातले, लिबरऑफिसमध्ये क्रमवारीची भाषा मराठी केली आणि बटण दाबलं. ळ ह च्या नंतर, क्ष आणि ज्ञ शेवटी, जसे आपल्या कोशात असतात तसे. मास्तर शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, नुसते स्क्रीनकडे पाहत राहिले, मग म्हणाले, खाली घे, अजून खाली घे.

त्यातच एक अडचण दिसली. 'गोऱ्हा' दोनदा आला, एकाखाली एक, दिसायला अगदी सारखा. डुप्लिकेट काढायच्या फिल्टरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एक जुन्या फाइलीतला आहे, दुसरा नातीच्या मोबाईलवरचा. असे बरेच शब्द आहेत. कशामुळे?

अक्षरवेडा

कारण तो 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरी, साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारा जोडक, मग ह. दिसतं एकच, आतले क्रमांक वेगळे. ॲ चंही तसंच. फाइंड-रिप्लेसनं सगळे पहिल्या पद्धतीचे करून घ्या आणि मगच फिल्टर लावा. शोधणाऱ्यालाही नंतर त्रास होणार नाही. पण बदलताना जोडकासकट शोधा, नुसता 'र्ह' बदललात तर 'अर्हता' चंही रूप बिघडेल.

धंतोलीची मुद्रितशोधक

हे माझ्या यादीत नव्हतं. घातलं.

महालचा छापखाना

केलं. एकतीस शब्द असे निघाले. मास्तरांनी प्रत्येक स्वतः पाहून खूण केली, कारण त्यातल्या दोघांचे अर्थ खरंच वेगळे होते आणि दोन्ही नोंदी ठेवायच्या होत्या. बरं झालं फिल्टरवर सोडलं नाही.

पानं इनडिझाइनमध्येच लावतोय, एका महिन्याची वर्गणी भरली आहे. लिनक्सवाले दादा, पावतीपुस्तकं आणि पत्रिका मात्र स्क्रायबसवर आणणार आहे, तेव्हा विचारीन.

आता फॉन्ट ठरवायचा राहिला. यशोमुद्रा आणि शोभिका दोन्हींचे ११ पॉइंटाचे नमुने काढलेत, आमच्याच ७० जीएसएमच्या कागदावर, खऱ्या शाईत. मला दोन्ही चांगले वाटतात, माझी नजर तेवढी तयार नाही. जुळारीकाका, तुम्ही इतवारीहून आलात तर फार बरं होईल. मास्तरही शनिवारी भंडाऱ्याहून येताहेत.

इतवारीचा जुळारी

येतो. अकरापर्यंत पोचतो, उन्हाच्या आत. भिंग माझं आणतो. नमुन्यात 'ट्ट', 'द्ध', 'ङ्क' आणि 'ह्य' असलेली एक ओळ घालून ठेवा, आणि २००४ ची जुनी प्रतही शेजारी काढून ठेवा.